टेकवायची राहिलेली सळई

नंदुरबार, फेब्रुवारी १९४६

आज कोरीटला दगडूच्या आईकडे जाऊन आलो. लढाईत रडारच्या यंत्रावर आम्ही दोघं सोबत होतो. तिनं एकच विचारलं, "यंत्र बंद व्हतं ना? मंग मन्हा पोऱ्या कसा मरना?"

बटण बंद केलं तरी कंडेन्सरमध्ये हजारो व्होल्ट साठून राहतात. अर्थिंगची सळई टेकवून ते आधी उतरवायचे, मगच हात घालायचा. सळई टेकवायचं काम माझं. मी नुसतं बटण बंद केलं आणि म्हणालो, "घाल हात." माझ्या शब्दावर त्यानं घातला.

"देवनी मर्जी, मावशी," म्हणालो. देवाची म्हणे! ती सळई...

"तू त्याना जोडे व्हता, इतलाच धीर शे," म्हणाली आणि माझा उजवा हात धरून बसली. सळई त्याच हातात हवी होती.