अडतीस सेकंदांची याडी

२० नोव्हेंबर २०१७, सोमवार

"तू नाही रडलीस, तर तुझ्या वाटचं मला रडावं लागेल." याडी म्हणाली होती. माझ्या लग्नाच्या आदल्या दिवशी, माझ्या केसांना तेल लावताना. म्हणाली गोरबोलीत, आमच्या बंजारा बोलीत, मी इथं मराठीत लिहिते आहे. आईला आम्ही याडीच म्हणतो, तेवढं मात्र तसंच राहू दे.

आज ते वाक्य का आठवलं? जेवताना त्या बाईचा व्हिडिओ लावला होता म्हणून असेल. कुठल्याशा डोंगरातलं गाव. बाई चुलीपुढं बसून भाकरी भाजते, एक शब्द बोलत नाही. मनगटं अगदी याडीची. मी मोबाइल लोणच्याच्या बरणीला टेकवून ठेवते आणि तिच्यासोबत जेवते. तिचं जेवण आटोपेपर्यंत मी उठत नाही.

हा व्हिडिओ कोणाला तरी पाठवावा असं वाटलं. नावांच्या यादीवरून बोट वर-खाली फिरवलं. गॅसवाला. मुनीमजी. भाची — तिला आतापर्यंत अकरा पाठवले. दोन निळ्या खुणा येतात, बाकी काही येत नाही.

नाही पाठवला.

२१ नोव्हेंबर

जिनिंगवर दिवसभरात कापसाच्या चार गाड्या. मागं याच दिवसांत फाटकापासून पार रस्त्यापर्यंत रांग असायची. यंदा बोंड फोडलं की आत गुलाबी अळी, आणि कापूस आला तर डागी. मी वजनकाट्यावर पावत्या लिहिते. लिहायलाच काही नाही. हमाल, ड्रायव्हर, मी, सगळे आपापल्या मोबाइलमध्ये मान घालून. कोणाच्या तरी मोबाइलवर लहान मूल खिदळलं की सगळेच थोडे हसतात, पुन्हा गप्प.

पंजाबराव मापारी माझ्याजवळ स्टूल ओढून बसतात. निवृत्तीला दोन वर्षं राहिली आहेत त्यांची. "मॅडम, हे पायलं काय?" एका माकडानं बाटलीचं झाकण उघडलेलं. "माह्या घरच्या जावयाले जमत नाई." दिवसभरात हसले ते एवढंच.

२३ नोव्हेंबर

सावकाश लिहिते.

दुपारी पंजाबरावांनी एक व्हिडिओ पाठवला. मी शेजारीच बसले होते, तरी पाठवला! "पाहा तं मॅडम. जुन्या लग्नाची गंमत."

जुनाट, पट्टे पडलेलं चित्र. तांड्यावरचा मांडव. लाल ओढणीतली नवरी खांबासारखी उभी. एक म्हातारी तिच्या गळ्यात पडून गात रडते. वरून खदाखदा हसण्याचा आवाज जोडलेला.

"नवरी पाहा ना. डोयाले टिपूस नाई अन् मायच रडून राह्यली! उलटी गंगा!"

ती नवरी मी आहे.

म्हातारी नव्हती याडी. तेव्हा ती आजच्या माझ्याएवढीही नव्हती.

आमच्यात नवरी सासरी निघते तेव्हा एकेकाच्या गळ्यात पडून रडत गाते. तो ढावलो. नवरीनंच म्हणायचा असतो. याडीनं मला महिनाभर शिकवला, कापूस वेचता वेचता. ओटी भरत जायची तशी ओळी पुढं सरकायच्या. मला सगळ्या येत होत्या. पण लग्नाला यवतमाळच्या वसतिगृहातल्या चार मैत्रिणी आल्या होत्या. छान साड्या नेसून पुढंच बसल्या होत्या. त्यांच्यासमोर हे रडगाणं? तोंड उघडलंच नाही. बाया कुजबुजायला लागल्या. मग याडीनंच सुरू केलं, माझ्या वाटचं.

आता एकही ओळ आठवत नाही. याडीला जाऊन तेरा वर्षं झाली. तिचा आवाज कुठंच नव्हता — आणि आज आला तो असा.

"कोन असन ते?" मी विचारलं. पंजाबरावांशी बोलताना माझीही बोली त्यांच्यासारखीच होते.

"असन कोनी तांड्यावरचे."

२४ नोव्हेंबर

अडतीस सेकंद. सकाळपासून किती वेळा लावला, मोजलं नाही. हसण्याखालचे शब्द वेचून काढायचा प्रयत्न केला. 'चिमणी' एवढा एकच हाती लागला.

२६ नोव्हेंबर, रविवार

आमच्या लग्नाची कॅसेट हिरासिंगच्या घरी होती. दुसरीकडं कुठं असणार. नवऱ्याचं घर सोडून एकवीस वर्षं झाली. मूल झालं नाही, त्यानं लालीबाईला करून आणलं, मी दिग्रसला खोली घेतली. निघताना दोन पातेली आणि पुस्तकं आणली. कॅसेट आणावी हे सुचलंही नाही. जे आपण केलं नाही त्याचं चित्र कोण जपून ठेवतं?

व्हिडिओच्या खाली पुसदच्या एका स्टुडिओचा नंबर आहे.

२८ नोव्हेंबर

पंजाबरावांना सांगून टाकलं. ते पुन्हा तोच व्हिडिओ एका ड्रायव्हरला दाखवत होते. मी म्हणाले, "ते उभी आहे ना, ते मी आहे. अन् ते माही माय."

त्यांनी मोबाइल पालथा ठेवला. बराच वेळ काट्याकडं पाहत बसले. काट्यावर गाडी नव्हती.

मग म्हणाले, "मॅडम, मी चाळीस जनाले पाठवला. आता वापस कसा घेऊ?"

२९ नोव्हेंबर

पंजाबरावांनी काय केलं! चाळीसही जणांना लिहून पाठवलं — 'हे माय आमच्या काट्यावरच्या ममता मॅडमची हाये. कोनी हासू नये.' आता जिनिंगभर सगळ्यांना माहीत झालं. चहावाल्यानं आज माझ्याकडून पैसे घेतले नाहीत. मेल्यासारखं झालं. घरी आल्यावर मात्र वाटलं, आजवर माझ्यासाठी इतक्या जणांना कोणी काही सांगितलं नव्हतं.

१ डिसेंबर

स्टुडिओला फोन केला. पलीकडचा माणूस आधी बिचकला, तक्रार करते की काय म्हणून. मी एवढंच म्हणाले, हसण्याचा आवाज नसलेलं पाठवता का? आणि पुढचं सगळं?

"पुढचं नाही ना ताई. तुम्हीच पाहा, पाठवतो." व्हिडिओ काढून टाकतो म्हणाला. कॅसेट घेऊन एक बाई आली होती, लालीबाई नावाची. तिचा नंबरही दिला.

सायंकाळी आला. मी मोबाइल बरणीला टेकवला, जेवले नाही.

हसणं काढून टाकलेली याडी. आवाज जरासा फाटलेला. पाठीमागं कोणाचं तरी रेडकू ओरडतं. ती माझ्या पाठीवरून हात फिरवते आणि मी मैत्रिणींकडं पाहते आहे. मैत्रिणी हसत नाहीत. एकीनं तर पदर डोळ्यांना लावला आहे! इतकी वर्षं मी समजत होते, त्या हसल्या.

पस्तिसाव्या सेकंदाला याडी थांबते. पुढच्या ओळीसाठी श्वास घेते. खांदे वर जातात. आणि चित्र उडी मारतं, आणि पाळणा. फुगे लावलेला पाळणा, बायांचा घोळका, बारसं.

कोणी तरी तिच्यावर बारसं भरलं.

४ डिसेंबर

दोन गाड्या. पंजाबराव आता मला फक्त फुलांचे व्हिडिओ पाठवतात.

९ डिसेंबर, शनिवार

लालीबाईला फोन केला. आठ दिवस घालवले त्यात. तिला मी एकदाच पाहिलं आहे, दारात, मी निघाले त्या दिवशी. सतरा-अठराची असेल. माझ्या पिशवीला हात लावायला पुढं झाली आणि मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

गोरबोलीत बोललो. किती दिवसांनी! पहिली दोन वाक्यं माझी अडखळलीच.

"बाई?" ती म्हणाली. आमच्यात मोठ्या बहिणीला म्हणतात तसं.

मी कॅसेटचं विचारलं. ती म्हणाली, "मीच दिली पुसायला. माझ्या पोरीचं बारसं होतं. शूटिंगवाला म्हणाला कॅसेट द्या, नवी आणायला पुसदला कोणी जाईना. मी कपाटातली काढून दिली. ह्यांना विचारलं नाही. त्यांना आजही ठाऊक नाही."

"कोणाची आहे ते माहीत होतं?"

"माहीत होतं."

मी फोन ठेवला. इतका राग मला हिरासिंगचाही आला नव्हता.

१० डिसेंबर

सकाळी लालीबाईचा आवाज आला. तिला लिहिता येत नाही, म्हणून बोलून पाठवलेला. तीनदा ऐकला, आता इथं उतरवून ठेवते.

"बाई, रागावल्या तुम्ही. रागवा. पण एक ऐका. माझी याडी मी लहान असतानाच गेली. मला ढावलो शिकवायला कोणी नव्हतं, माझ्या लग्नात मी नुसतीच रडले. इथं आले तेव्हा घरात ती कॅसेट होती. सगळे वावरात गेले की दुपारी मी दार बंद करून ती लावायचे. दोन वर्षं. तुमची याडी मला पाठ आहे, बाई, शेवटपर्यंत. म्हणूनच पुसायला दिली, वाटलं आता माझ्याजवळ आहे, कॅसेट कशाला. चूक झाली. फागणात पोरीचं लग्न आहे. तिला शिकवते आहे. बारशाची कॅसेट मोबाइलवर करून आणली तर सुरुवातीला ती थोडी निघाली."

मी लगेच लिहिलं, मग तिला वाचता येत नाही हे आठवलं, मग बोलून पाठवलं: मला आत्ता म्हणून दाखव, फोनवर, एकदाच.

दुपारी उत्तर. "घरात लग्नाचा मांडव नसताना ढावलो तोंडातून काढू नये, बाई. पोरीलाही मी नुसते शब्द सांगते, चाल नाही. तुमची याडी असती तर तिनंही नाही म्हटलं असतं."

खरं आहे. याडी वेचणीतही चाल लावायची नाही. हे मी विसरलेच होते.

१२ डिसेंबर

टाकलेली बायको लग्नाच्या मांडवात कोणाला चालते? हिरासिंगला नाही, वराकडच्यांना नाही. मलाही कालपर्यंत चाललं नसतं. तरी आत्ता बोलून पाठवलं:

"लालीबाई, फागणात पोरगी निघेल त्या वेळी मी येऊ का? मांडवात नाही, मागं, बाया उभ्या राहतात तिथं. ओळख देणार नाही. मोबाइल आणणार नाही."