बोधिवृक्षाचं पान

पांढुर्णा, जानेवारी १९८८

देवानंद,
जयभीम. तुझा पत्ता आता राहिला नाही, तरी लिहून राहिली.

तुझी पलटण शांतिसेनेत लंकेला निघाली, तेव्हा आईनं विहारात खीर वाटली. पोरगा बुद्धाच्या देशात शांती करायला चालला, असं सगळ्या वस्तीला सांगत फिरली. तुला तिनं एकच मागितलं होतं, बुद्धाच्या पिंपळाची फांदी नेऊन लावलेल्या तिथल्या बोधिवृक्षाचं पान.

काल पलटणीतला तुझा दोस्त तुझी पेटी घेऊन आला. म्हणाला, वेगळा देश मागणाऱ्या तमिळ पोरांनी आधी आम्हाला हार घातले. हत्यारं खाली ठेवा म्हटलं, तर आमच्यावरच गोळ्या झाडल्या. तिकडं सिंहली लोकही म्हणत होते, आपल्या घरी जा.

पेटीत तुझ्या शर्टाच्या घडीत ताडाच्या पानाचा तुकडा निघाला. आम्ही होतो तिथं ताडच ताड होते, दोस्त म्हणाला.

आईनं ते पान उलटंपालटं करून पाहिलं. मग त्याला विचारलं, "जिथं पिंपळच नाही, तिथं शांती कराले माह्या पोराले कोनं धाडलं?"

पान तिनं बुद्धाच्या फोटोपुढं ठेवलं नाही. बाजूच्या तुझ्या फोटोपुढं ठेवलं.

तुझी ताई,
शोभा