टोचतं का, मामंजी?

३ फेब्रुवारी

सगळं मुसळ केरात.

महिनाभर खपून मेणात एकेक दात लावला होता. कवळी बनवण्याच्या कोर्सचा नियमच आहे: शेवटच्या परीक्षेला प्रत्येकाने आपापला बोळक्या तोंडाचा माणूस आणायचा आणि पहिल्या मापापासून कवळी तोंडात बसेपर्यंत सगळं आपण करायचं. माझा माणूस म्हणजे माझे सासरे. आज मेणातले दात त्यांच्या तोंडात घालून बघायचे होते. घातले. पुढचे दात एकमेकांवर आपटले आणि मागे ही एवढी फट!

आमच्या बाई वाकून बघत म्हणाल्या, "जबडा पुढे सरकवून चावलेत ते. तू तोच चावा खरा धरून बसलीस."

मग त्यांनी मामंजींचा ओठ बाजूला केला. खाली डावीकडे हिरडीला लालभडक फोड. चाव्याचं माप घेण्याची मेणाची पट्टी तिथे टोचत होती, म्हणून हा माणूस जबडा पुढे काढून चावत होता. आणि मी? मी विचारलं होतं की! दर वेळी विचारलं, टोचतं का मामंजी? दर वेळी एकच उत्तर. छान आहे गं.

बाई हात धुताना म्हणाल्या, "तुझा माणूस खोटं बोलतो. ती सवय मोड, नाहीतर जन्मभर कवळ्या केल्यास तरी बसायची नाही एकही."

चाव्याचं माप पुन्हा घ्यायचं. दात पुन्हा लावायचे. परीक्षा तोंडावर आली आहे.

४ फेब्रुवारी

काल बसमध्ये दातखीळ बसल्यासारखी गप्प होते. आज सकाळी तोंड सुटलं. नको तेवढं बोलले. फोड आला तरी सांगायचं नाही, हा कसला संतपणा? माझं नुकसान करायचंय का तुम्हाला?

मामंजी खुर्चीत अंग चोरून बसले. म्हणाले, "तुझा अभ्यास बिघडू नये म्हणून गप्प बसलो, सूनबाई."

कपाळ माझं!

खरं तर या कॉलेजात मला ढकललं ते त्यांनीच. कपडे अल्टर करायचं आमचं दुकान बंद झालं तेव्हा नवरोबा म्हणाला होता, या वयात कॉलेज? वर्गातली पोरं तुला काकू म्हणतील. (म्हणतात.) मामंजी म्हणाले होते, "म्हणू देत. माप घ्यायचा हात आहे तिचा. कापडाचं घेते, तोंडाचं घेईल." आणि मी त्याच माणसावर ओरडले.

५ फेब्रुवारी

चहा दिला. कप ठेवून लगेच वळले. त्यांनी तो धुऊन जागेवर ठेवला.

७ फेब्रुवारी

विचार करत होते. दुकानात गिऱ्हाइकाला टाचणी लागली की ते दणकून ओरडायचं. तेव्हा राग यायचा. आता कळतंय, त्या ओरडण्यावरच माझं काम नीट होत होतं.

मामंजींना ओरडताच येत नाही. सासूबाई गेल्या तेव्हाही आल्यागेल्यांना पाणी देत फिरत होते.

म्हणून आजपासून घरात नवा नियम. मामंजींनी रोज एक तक्रार करायची. खरीखुरी. नाही केली तर सकाळचा पेपर वाचायला मिळणार नाही. सकाळभर विचार करून शेवटी म्हणाले, "पंखा जरा जोरात असतो. म्हणजे, चालतो तसा."

"चालतो तसा" छाटलं मी. म्हटलं, ते शेपूट नको.

९ फेब्रुवारी

आजची तक्रार: "तुझा चहा पाणचट असतो."

नवऱ्याच्या नाकातून चहा बाहेर आला. मी विचारलं, कधीपासून?

"लग्न होऊन आलीस तेव्हापासून."

वीस वर्षं हा माणूस "छान आहे गं" म्हणत माझा चहा पीत होता! हसू आलं, मग स्वयंपाकघरात जाऊन थोडं रडूही आलं. असं आणखी काय काय गिळलं असेल यांनी?

१४ फेब्रुवारी

चाव्याचं माप पुन्हा घेतलं. पट्टी तोंडात घातली, विचारलं. मामंजींनी डोळे मिटले. मग बोट लावून म्हणाले, "इथे. मागे. टोचतं."

बाई मागेच उभ्या होत्या. मी तेवढी कड खरवडली, पुन्हा घातली, पुन्हा विचारलं. मग जीभ मागे टाळूला लावायला सांगून तोंड मिटायला लावलं. जबडा आपोआप जागेवर गेला.

२१ फेब्रुवारी

मेणात दात पुन्हा लावून झाले. पण झोप नाही. परीक्षेला कवळ्या बनवणाऱ्या मोठ्या लॅबचे मालक येणार आहेत आणि आमच्या वर्गातून ते एकालाच नोकरीवर घेतात. माझ्या बाजूच्या टेबलावरची पोरगी फार हुशार आहे. तिचे दात मोत्यासारखे बसतात. तिला इथे नाही तर दुसरीकडे काम मिळेल. तिचं वय आहे. मला या वयात दुसरं कोण विचारणार? हे हातचं गेलं तर मी घरीच. मग नवरोबा काही बोलणार नाही, आणि तेच मला सहन होणार नाही.

२ मार्च

परीक्षा झाली. पक्की झालेली कवळी मामंजींच्या तोंडात बसवली. चेहराच बदलला त्यांचा. गाल वर आले.

लॅबचे मालक पुढे आले. "आजोबा, कशी आहे?"

सगळी खोली ऐकत होती. मला ठाऊक होतं, आता म्हणतील छान आहे. आणि देवा, मला तेच हवं होतं! आजचा दिवस खोटं बोला, मामंजी.

ते म्हणाले, "वरची छान आहे. खालची उजवीकडे टोचते."

कवळी काढली, आतून पांढरी पेस्ट लावली, पुन्हा घातली. जिथे पेस्ट पुसली गेली तिथे घासलं, गुळगुळीत केलं. "आता?" "अजून. थोडी." पुन्हा घासलं. "आता?" "आता नाही."

मालक बाजूच्या टेबलाकडे गेले. त्या पोरीच्या आजी "छान, छान" म्हणत होत्या आणि डोळ्यांतून पाणी काढत होत्या.

५ मार्च

नोकरी मिळाली! मलाच मिळाली!

मालक फोनवर म्हणाले, "दात ती मुलगी तुमच्यापेक्षा सुबक लावते. पण तुमच्या माणसाने भर परीक्षेत खरं सांगितलं. ते कसं शिकवलंत ते माझ्या लोकांना शिकवा. सोमवारी या."

मामंजींनी अख्खं सफरचंद चावून खाल्लं, न चिरता. नवरोबाने स्वतः चहा केला. मामंजी म्हणाले, हाही पाणचटच आहे.

८ मार्च, रविवार

उद्या रुजू व्हायचं म्हणून एप्रन इस्त्री करत होते. गंमत म्हणून मामंजींना विचारलं, आजची तक्रार राहिली की हो. त्यांनी पेपर घडी करून ठेवला. मग म्हणाले, "जिना चढलो की छातीत दुखतं, सूनबाई. हातापर्यंत येतं. पावसाळ्यापासून. तुझी परीक्षा होऊ दे म्हटलं." नवरा टॅक्सी आणायला धावलाय. मामंजी शेजारी बसून शर्टाची बटणं लावताहेत. मी विचारलं, आत्ता दुखतंय? ते म्हणाले, हो.