कसलेला ब्रेक

शहापूर,
ता. २ जून १९३६

प्रिय दादास,

धाकट्या गोदूचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं, पण वणवण करून पोचलं. पोस्टमन ते पाड्यावर घेऊन गेला, तिथे कोणी हातात घेतलं नाही, मग बिचाऱ्याने ते इथे आणून दिलं. यापुढे सकुबाई मावशीच्याच पत्त्यावर लिही. मी सध्या तिच्याकडे आहे. का ते पुढे येईल.

माझी तब्येत बरी आहे. कराचीत तुला चहात पाव बुडवून खायची सवय लागली हे वाचून हसू आलं. भात जरा मऊ झाला तर ताट सरकवणारा तू! मावशीचे गुडघे धरलेत, तोंड मात्र पहिल्यासारखंच चालतं. सारखी विचारते, "कोंडूला लिवलंस का गो?" मी "लिहिते" म्हणते आणि भांडी घासायला बसते. आज तिने दऊत-टाक माझ्यापुढे ठेवले आणि भांडी स्वतः उचलून नेली.

माझी बुधी आता चुरुचुरु बोलते. ती माझ्याजवळ नाही.

तू विचारलंस की बाबा अजून त्या डब्यातच राहतात का, त्यांना घोंगडी पाठवू का. घोंगडी पाठवू नकोस, दादा.

तू गेलास तेव्हा खडीची खाण नुकती बंद झाली होती. ठेकेदाराचा कारकून बाबांना सांगून गेला होता की चार-आठ दिवसांत इंजिन येईल, तोवर गाड्यांवर लक्ष ठेव. त्यानंतरचं तुला तुटकच ठाऊक आहे. इंजिन आलं नाही. उलट एक दिवस माणसं आली आणि नाल्यापलीकडचे रूळ उचलून घेऊन गेली. नाल्यावरच्या मोरीचेही काढले. आपल्या बाजूला राहिल्या खडी वाहायच्या चार वाघिणी आणि नाल्याकडच्या उतरत्या टोकाला गार्डाचा डबा, आणि त्यांना बाहेर पडायला वाटच नाही. कारकून पुन्हा दिसला नाही. कोणाला त्या गाड्यांची आठवण राहिली असेल असं मला वाटत नाही.

आठवण राहिली ती एका आपल्या बापाला. आई गेल्यावर तर घराला कडी घालून ते गार्डाच्या डब्यातच राहायला गेले. मी ओरडायची, "बाबा, रूळच नाहीत, इंजिन काय उडत येणार?" तर म्हणायचे, "रूळ नेले तसे आनतील. माझ्या ताब्यातला माल जाग्यावर पायजे." हट्टी माणूस! शिमगा झाला की करंजेल आणून चाकांच्या कण्यांत ओतायचे. सगळ्या गाड्यांना पुरेल एवढं तेल कुठलं? म्हणून गार्डाच्या डब्यापुरतंच. वाघिणींची चाकं गंजून रुळाला धरली, आत घाणेरीची झुडपं माजली. याच डब्याच्या दारावर तू मला खडूने अक्षरं शिकवलीस, ते दार मात्र शेवटपर्यंत बिनआवाज सरकत होतं.

तुझे मेहुणेही त्यांच्या मदतीला जायचे. चाकाखाली लाकडी ठोकळे कसे ठोकायचे, ब्रेकचं चाक किती कसायचं, डबे जोडणारी साखळी कशी काढायची, सगळं बाबांनी त्यांना दाखवलं होतं. सासरा-जावयाचं छान जमायचं. मला कधी कधी हेवा वाटायचा.

आता लिहितेच.

वैशाखात एका लग्नाच्या पंगतीतून आपल्याकडे पटकी आली. पहिल्या आठवड्यात घरोघर रडारड. सरकारी माणूस विहिरीत लाल औषध टाकून गेला, टोचून घ्या म्हणाला, पण लोक सुई बघून रानात पळाले. मग ठरलं, जरीमरीचा गाडा काढायचा. तुला आठवत असेल, आपण लहान असताना एकदा काढला होता. लाकडाचा छोटा गाडा, त्यात देवीला हिरवं लुगडं, बांगड्या, नारळ, कोंबडी. ढोल वाजवत शिवेपर्यंत ओढत न्यायचा, तिथून पुढच्या गावाने आपल्या शिवेपार करायचा. बायका-पोरांनी दारं लावून घरात बसायचं. आणि गाडा सोडून परतणाऱ्यांनी काही झालं तरी मागे वळून बघायचं नाही. बघितलं तर ती माघारी येते.

या वेळी खालच्या पाड्याची माणसं काठ्या घेऊन शिवेवर उभी. त्यांच्याकडे एकही आजारी नव्हता, ते कशाला घेतील तिला? गाडा घरी आणता येत नाही, पुढे नेता येत नाही. दोन दिवस तो उन्हात उभा होता आणि इकडे माणसं मरतच होती. मग काळूराम भगताच्या अंगात आलं. तो म्हणाला, देवी आगगाडीने जाईन म्हणते. खाणीच्या साइडिंगवरची गाडी द्या तिला. ती जागा रेल्वे कंपनीची, ना आपल्या गावची, ना त्यांच्या.

बाबा ऐकणार नाहीत हे सगळ्यांना माहीत होतं. पण तोवर बाबाच पडले होते.

मला कळलं तशी मी दुपारी पेज घेऊन गेले. दादा, एका रात्रीत माणूस किती आटतो! डोळे खोल गेले होते, बोटं धुणं धुतल्यासारखी सुरकुतलेली, अंग गार. आवाज बसला होता, पण बोलत होते. दोन घोट पेज प्याले. म्हणाले, "कोंडूला लिव, इकडं येऊ नको. हवा वाईट हाय." मग म्हणाले, "तू पन जा गो. लेकरू हाय तुला." मी गेले नाही, बसले. उन्हं कलू लागली तशी त्यांना माझ्या सासरी न्यायचं ठरवून मी माणसं आणायला निघाले. सासूने दारातच अडवलं. "त्याला घरात आनशील तर बुधीला उचलून मी भायेर जाते." मी भांडले, रडले. एवढ्यात ढोल वाजले आणि घरातल्यांनी दाराला आडणा घातला.

मी दाराशी उभी होते. ढोल साइडिंगकडे गेला. मग सगळ्या पुरुषांचा एक ओरडा ऐकू आला, ढकलताना ओरडतात तसा. त्यानंतर थोडा वेळ काहीच नाही. आणि मग, दादा, ब्रेक वाजला.

तो आवाज तुला सांगायला नको. खाण चालू असताना आपण रोज ऐकलाय. लोखंडावर लोखंड घासल्याची ती किंकाळी. घरातल्या सगळ्यांनी ऐकली. सासूने कानांवर हात ठेवले. मी आडणा काढला आणि पळत सुटले.

वाटेत सगळे पुरुष समोरून येत होते. खाली माना, भराभर चालत. एकही वळला नाही. मला बघून भगत ओरडला, "बघू नको! बाय, बघू नको!" मी त्यांच्यामधून पळाले. त्यांत हेही होते. यांनी माझा दंड धरला, मी हिसडून सोडवला.

डबा मोरीवरून खाली नाल्यात पडला होता, एका कुशीवर. हिरवं लुगडं दगडांवर पसरलेलं. मी आत शिरले तेव्हा सगळं संपलं होतं. बाबा ब्रेकच्या चाकाशी होते. दोन्ही हात चाकावर. मी बोटं सोडवली. मग चाक फिरवून बघितलं. फिरेना. ब्रेक पूर्ण कसलेला होता.

थोड्या वेळाने हे आले. नाल्याच्या काठावरच बसले. म्हणाले, "मामा आधीच गेले व्हते गो. मी आत गेलो, हाका मारल्या, हलवलं. गार पडले व्हते."

"ब्रेक कोनी सोडला?" मी विचारलं.

"मीच. चाक उलटं फिरवून पार सैल केला. मग उतरून साखळी सोडली, ठोकळे काढले."

"आता तो कसलेला हाय."

यांनी पागोटं काढून गुडघ्यावर ठेवलं. मग म्हणाले, "आवाज ऐकला मी. समद्यांनी ऐकला. वळायचं कसं गो? वळलं तर ती माघारी येते. घरात बुधी हाय."

दादा, ते खोटं बोलत नव्हते. पटकीतला माणूस मेल्यासारखाच दिसतो, हे मला इथल्या डॉक्टरने सांगितलं. डब्यात गेले तेव्हा त्यांना बाबा खरंच गेलेले वाटले असतील. पण आवाज ऐकल्यावर? उतार काही खडा नाही. वळून आठ-दहा माणसं धावली असती, एखादा ठोकळा टाकला असता, तर डबा थांबला असता. बाबा एकटे तेच करत होते. अंगात त्राण नसताना उठून तो ब्रेक कसत होते, आणि त्यांना वाटत असेल की कोणीतरी येईल.

मला त्या माणसांचा राग येतो. यांचा येतो. रात्री झोपेत मी दात खाते असं मावशी म्हणते.

अग्नी यांनीच दिला, तू नव्हतास म्हणून. फार रडले. तेही खरं होतं.

दुसऱ्या दिवशी पाड्यावर एक म्हातारी गेली आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं. गोदू बाहेर पडली, गोदूने बघितलं, म्हणून देवी पुरती गेली नाही. पाणी बंद, विस्तव बंद. सासू म्हणाली, तू जा, पोर इथे राहील. बुधी माझ्या पदराला धरून होती, तिची मूठ सासूने सोडवली. मी चालत शहापूरला आले. मावशीच्या दारी जायच्या आधी चौकीवर गेले.

तोवर सगळ्या पाड्याने एकच सांगितलं होतं, म्हातारा दुपारीच मेला, डबा आपोआप सुटला. फौजदाराने मला विचारलं, ब्रेक सैल होता हे तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, माझ्या मालकांनी. तो म्हणाला, नाव सांग. मी एकदा ते नाव उखाण्यात घेतलं होतं, लग्नात, सगळे हसत होते. आता चौकीवर घेतलं. लडकू. शिपायाने लिहून घेतलं.

यांना आणि भगताला परवा धरून आणलं. भगत म्हणतो, देवीने केलं. हे काहीच म्हणत नाहीत. ब्रेक यांनी सैल केला होता हे सांगू शकणारे आम्ही दोघंच, आणि चौकीत लिहून घेतलेलं मामलेदारापुढे धरत नाहीत. मी ते तिथे पुन्हा बोलले नाही तर बाबा दुपारी मेले आणि डबा आपोआप सुटला, असंच कायमचं ठरेल. बोलले तर बुधीचा बाप तुरुंगात जाईल, आणि सासू मला बुधीचं तोंड दाखवणार नाही. काल मी गजांपाशी गेले होते. यांनी एवढंच विचारलं, "सांगशील?" मी म्हटलं, "सांगेन." मग हे म्हणाले, "इथं जेवायला नीट देत नाय."

तू मोठा आहेस, पण मला सल्ला देऊ नकोस. तुझं उत्तर येईपर्यंत व्हायचं ते होऊन गेलेलं असेल. येऊही नकोस, बाबांनी सांगितलंय.

उद्या यांना मामलेदारापुढे उभं करणार आहेत. मावशीकडून नाचणीचं पीठ घेतलं आहे. सकाळी भाकऱ्या थापून आधी यांना देईन, यांचं खाऊन होईपर्यंत तिथे बसेन, आणि मग आत जाऊन ब्रेकचं सांगेन.

विठूची लेक आणि लडकूची बायको,
गोदू