‘दुपार’ सुरू झाली होती

जळगाव,
मंगळवार, २० जानेवारी २०२६

प्रिय पुनम, आणि तिच्या शेजारी बसून हे वाचणारे तौफिक व समाधान,

ज्याला जे लागू पडेल ते, नमस्कार किंवा आशीर्वाद, त्याने घ्यावं.

या शहरात ज्यांना कधी संध्याकाळ मिळाली नाही, असे आपण चौघे आहोत. सभागृह मागितलं की आपल्या वाट्याला दुपारचे दोन येतात, तेही मे महिन्यात. आवाज होतो म्हणून पंखे बंद ठेवायचे आणि उकडतं म्हणून लोकांनी उठून जायचं. व्हायोलिन, क्लॅरिनेट आणि ठिबकच्या पाइपचे कापलेले तुकडे एका मंचावर दिसले की जाणकार मंडळी विचारतात, "हे शास्त्रीय आहे की शाळेचं गॅदरिंग?" तौफिक, तुझे वडील आयुष्यभर वरातीत क्लॅरिनेट वाजवत आले, म्हणून तुला राग कळूच शकत नाही, असं तोंडावर सांगणारे आपण पाहिले. पुनमच्या रचनांना ‘हौस’ म्हणणारे पाहिले. हा अपमान चौघांचा आहे. तो एकट्या माझ्या अंगावर टाकून तुम्ही तिघं धुळ्याला निघून गेलात, याचा मला राग आहे. आधी तोच लिहून टाकला. मनात ठेवून गोड लिहिणं मला जमत नाही.

आता घरचं. आईची तब्येत ठीक आहे. भरताच्या वांग्यांचे दिवस, त्यामुळे मागच्या अंगणात रोज काट्याकुट्यांचा धूर. पुनम, आपली आई तुझी आठवण काढते ती भांडणासारखी. "पुनी कव्हय येई रे? तूच काही बोलना व्हशी." मी म्हणतो, मी काही बोललो नाही, तालीम चालू आहे. ती माझ्याकडे बघते आणि वांगं उलटं करते.

मागच्या आठवड्यात वरणगावच्या शाळेत ठरलेला कार्यक्रम होता. रद्द करणं मला पटलं नाही, म्हणून एकटाच गेलो. समाधान, तुझे पाइप नेले होते. लांब तुकड्याचा आवाज जाड, आखूड तुकड्याचा बारीक, एवढं मुलांना दाखवलं आणि पुढे काय वाजवावं ते सुचेना. मग बोललो. पाऊण तास. मुख्याध्यापकांनी शाल दिली. तू असतास तर म्हणाला असतास, "प्रेमराजभाऊ, भाषणाला पाइपची साथ देऊ का?" ही तुझी थट्टा मला तेव्हाही आवडत नव्हती.

पण माझं म्हणणं मी सोडलेलं नाही. अनोळखी माणसाने दार वाजवलं तर आपण आतून "कोण?" म्हणून विचारतोच ना? अनोळखी संगीताचंही तसंच आहे. कुणीतरी पुढे होऊन त्याचं नाव-गाव सांगावं लागतं. ज्या माणसाला आयुष्यभर सांगितलं गेलं की हे तुझ्यासाठी नाही, त्याला ठासून सांगावं लागतं की हे तुझंच आहे, तुझ्या शेतातल्या पाइपातून निघालेलं आहे. हे मी सांगतो. दहा गावांत सांगितलं. लोक बसले ते त्यामुळे बसले. पाचोऱ्याहून परतताना जीपमध्ये पुनम म्हणाली, "भाऊ, तू इतकं समजावतोस की ऐकायला काही उरत नाही." त्यावर मी जे उत्तर दिलं, ज्यानंतर तुम्ही धुळे गाठलंत, ते तुम्हा तिघांना पाठ असेल. इथे पुन्हा लिहीत नाही.

इथून पुढचं फक्त पुनमसाठी. तौफिक, समाधान, जरा चहा घेऊन या.

पुनम, परवा वच्छलाबाई भेटल्या. पाचोऱ्याचा कार्यक्रम ज्यांच्या महिला मंडळाने ठेवला होता, त्या. लेकीकडे जळगावला आल्या होत्या, बाजारात समोरून आल्या आणि मला रस्त्यातच धरलं.

"भाऊ, ती बाई कितलं गोड वाजाडी राहिंती! तुम्ही मधमाच हात वर कसाले करा?"

मी हसून म्हणालो, "मधेच कुठे? ती सूर लावत होती, वच्छलाबाई. वाजवणं नंतर सुरू झालं."

"सूर कसाना? मना डोयामा पानी उनं व्हतं!"

भाजीच्या गाडीपाशी उभा राहिलो. त्या काय काय बोलत होत्या ते मला ऐकू येईना. पाचोऱ्याचा मंच डोळ्यांपुढे आला. मी माईकवर आहे, श्रोते माझ्या हातात आहेत, मागे तुझा व्हायोलिनचा गज तारेवर अगदी हलका फिरतो आहे, एकच स्वर, मग त्याच्या जवळचा, पुन्हा तोच. मैफलीत सूर लावताना असाच आवाज येतो. तो मागे चालू असताना पुढे बोलत राहण्याची मला वर्षानुवर्षांची सवय. पण तो जरा मोठा झाला, तेव्हा मी मागे वळलो, हात वर केला आणि माईकमधूनच म्हणालो, "एक मिनिट, पुनम. आधी लोकांना समजू दे."

लोक हसले.

तुझी ‘दुपार’ सुरू झाली होती. ऊन चढण्याआधीची ती शांतता, जी तू सारंग रागातून वर्षभर खपून बांधलीस, तीच चालू होती आणि मी तिला थांब म्हणालो. तू गज खाली ठेवलास. माझं बोलणं संपल्यावर तू सुरुवात पुन्हा केलीच नाहीस, थेट दुसऱ्या भागापासून उचललंस. तेव्हाही मला वाटलं, वेळ कमी म्हणून कापलं असेल. जीपमध्ये तू त्यातलं काहीच बोलली नाहीस. मी मात्र स्टँड येईपर्यंत बोलत होतो.

अजून एक सांगायचं आहे. ते टाळत इथवर आलो.

येत्या रविवारचा धुळ्याचा कार्यक्रम. संध्याकाळची वेळ, पहिल्यांदाच. संयोजक मोतीलालशेठ यांना तुम्ही तिघं निघून गेल्याचं कळलं आणि त्यांचा फोन आला. "भाऊसाहेब, वादक नसले तरी हरकत नाही. लोक तुम्हाला ऐकायला येणार. दीड तास ठोका!" मी नाही म्हणालो नाही. "बघतो" म्हणालो. खरं लिहितो, मला बरं वाटलं. त्यांनी फलक लावले. त्यावर माझं नाव मोठं आहे आणि तुमचं नाही. धुळ्यात राहतेस, म्हणजे ते तू रोज येता-जाता पाहत असशील.

आज सकाळी त्यांना फोन करून सांगितलं, फक्त वादन होईल. ते भडकले. म्हणाले, सुरुवातीला भाषण नसेल तर सभागृह दुसऱ्याला देतो, मागणारे दाराशी उभे आहेत. त्यांना मी घाबरलो नाही. पण ही संध्याकाळ हातची गेली तर ‘दुपार’ कुठेच अखंड वाजणार नाही, आणि आपल्या चौघांचं जे काही होतं त्याचं माझं एक व्याख्यान होऊन बसेल. म्हणून मी भाषणाला हो म्हणालो. पंधरा मिनिटं बोलेन असा शब्द दिला आहे. तो मी पाळेन यावर तुझा विश्वास बसणार नाही. माझाही नाही. समोर माणसं दिसली की मला काय होतं ते तुला ठाऊक आहे. वच्छलाबाईंचं ऐकूनही मी बदललो असेन असं मला वाटत नाही. दोन दिवसांत कोण बदलतं?

तेव्हा माफी मागत नाही. ती मी फार सुरेख मागेन आणि तुला पुन्हा माझं बोलणंच ऐकावं लागेल. एक काम सांगतो, तेवढं कर. रविवारी सहाला तौफिक आणि समाधानला घेऊन ये. मंचावर माझ्या मागे बस. मी बोलत असेन. माझं वाक्य अर्ध्यावर असेल, लोक टाळीच्या बेतात असतील, नेमकं तेव्हा, मला न विचारता, गज तारेवर ठेव आणि ‘दुपार’ पहिल्या स्वरापासून सुरू कर.

तुझा भाऊ,
प्रेमराज