गुणी पंप

३ तारीख, सोमवार

आज रुजू झालो. हॉस्पिटलातली यंत्रं दुरुस्त करायची नवी नोकरी, नवी वही आणि तळमजल्यावर स्वतःची खोली! खोलीला खिडकी आहे, टेबल आहे, टेबलाला चारही पाय आहेत. आधीच्या हॉस्पिटलात मला जिन्याखाली बसवलं होतं, त्या मानाने हा राजवाडाच. शेजारी धोबीखाना असल्यामुळे दिवसभर गरम चादरींचा वास येतो. मला तो आवडला.

माणसांबद्दल न बोललेलं बरं, पण मग वही कशाला आणली? स्टोअरकीपरचं नाव मी 'कुलूप' ठेवलंय. साधा स्क्रू मागितला तर किडनी मागितल्यासारखा बघत राहिला. वॉर्डाचे डॉक्टर आपला टाय सांभाळण्यात इतके गुंतलेले असतात की पेशंट बोलला तर दचकतात. एका सलाइन पंपाच्या स्पीकरवर कोणीतरी चिकटपट्टी लावून ठेवली होती. का, तर म्हणे अलार्म फार वाजतो! या लोकांच्या हाती पेशंट जगतात कसे, हेच मला कळत नाही. एकूण दिवस मस्त गेला.

५ तारीख, बुधवार

आज सिस्टर लोकांचा वर्ग घेतला. पंपात भिण्यासारखं काही नाही, हे त्यांना लहान पोरांना सांगावं तसं सांगितलं. सलाइनची नळी पंपाच्या दारातून जाते. आत बोटांसारख्या पट्ट्या असतात, त्या ओळीने नळी दाबतात आणि पाणी पुढे ढकलतात. बाटलीकडून शिरेकडे, एकाच दिशेने. तासाला किती मिलिलिटर, ते आपण ठरवायचं. अडथळ्याचा अलार्म आला तर आधी क्लॅम्प, म्हणजे नळीवरचा चिमटा, उघडा आहे का बघा, मग नळी कुठे दुमडली का ते बघा, मग पेशंटला कोपर सरळ करायला सांगा. हवेचा आला तर बुडबुडा काढा. औषध संपलं तरी पंप एकदम थांबत नाही. सुईत रक्त गोठू नये म्हणून अगदी नावापुरतं पाणी सोडत राहतो. तेव्हा पडद्यावर जी अक्षरं येतात त्यांचा अर्थ एवढाच की शीर उघडी ठेवली आहे.

सगळं संपल्यावर एकीने विचारलं की मग दाबायचं कुठलं बटण. मी कपाळावर हात मारून घेतला.

७ तारीख, शुक्रवार

अकरा नंबरच्या पंपाला वॉर्डात 'गुणी' म्हणतात. मोठ्या सिस्टरांनी, म्हणजे वॉर्डाच्या मुख्य बाईंनी, ठेवलेलं नाव. या बाईंच्या आवाजात मध आहे आणि डोळ्यात काहीही नाही. त्यांचं म्हणणं असं की गुणी लावला की कसलाही कटकट्या पेशंट शांत होतो, म्हणून त्रासदायक माणूस आला की त्याला त्या गुणीच लावतात. मी मोठ्याने हसलो. यंत्राला स्वभाव चिकटवणाऱ्या बाईंच्या ताब्यात अख्खा वॉर्ड दिलाय!

तरी गुणीला खाली आणून मापाच्या नळकांड्यात पाणी सोडून तपासला. थेंबाचा फरक नाही. परत पाठवून दिला.

१० तारीख, सोमवार

अक्काला आपल्या वॉर्डात दाखल केलं. पायाची जखम चिघळलीय, काही दिवस शिरेतून औषध द्यावं लागेल. आई गेल्यावर मला अक्कानेच वाढवलं, म्हणजे मुख्यतः बोलून वाढवलं. मला नावं ठेवायची विद्या तिचीच. आल्या आल्या तिने चादरीला नावं ठेवली, डॉक्टरला टाय बांधायला कोणी शिकवलं ते विचारलं आणि मला सगळ्यांसमोर ठोंब्या म्हणाली. ऊर भरून आला. या इमारतीत शेवटी एक तरी शहाणं माणूस आलं.

११ तारीख, मंगळवार

अक्काने सकाळी दोन सिस्टरना रडवलं. दुपारी बघतो तर तिच्या उशाशी गुणी. लावा बापडे. यंत्र ठणठणीत आहे आणि अक्काला शांत करणारं यंत्र अजून जन्माला यायचंय.

१३ तारीख, गुरुवार

अक्का मला बाळा म्हणाली.

मी खुर्ची ओढून बसलो तर म्हणाली, किती करतोस रे माझ्यासाठी. मला वाटलं टोमणा आहे, पुढचं वाक्य येईल. ते आलंच नाही. चादर छान आहे म्हणाली. डॉक्टर देवमाणूस आहेत म्हणाली. जखम झपाट्याने भरतेय, ताप नाही. मग मला हायसं का वाटत नाही?

डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, औषधाने बरं वाटतंय म्हणून स्वभाव निवळला. या माणसाला पदवी कोणी दिली?

१४ तारीख, शुक्रवार

मागच्या महिन्यात गुणीवर असलेला एक सुतार आज तपासायला आला होता. वॉर्डबॉय सांगतो, तेव्हा त्याने ताट फेकून मारलं होतं. आज बायकोने जिथे बसवलं तिथे हसत बसून राहिला. बायकोला मी हटकलं. ती आधी म्हणाली, फार चांगले झालेत. मग हळूच म्हणाली, की ती आता मुद्दाम भांडण काढते, वाट्टेल ते बोलते, आणि ते नुसते हसतात. हत्यारांना हात लावत नाहीत. लाकूड चांगलं की वाईट, हेसुद्धा सांगत नाहीत. बोलता बोलता ती रडायला लागली.

शेवटी मीही घाबरट निघालो. सगळ्यांना हसलो आणि आज मीच यंत्राला भ्यालो.

१५ तारीख, शनिवार

दुपारी अक्काजवळ बसून पंपाकडे बघत राहिलो. औषध संपलं. पडद्यावर शीर उघडी ठेवल्याची अक्षरं आली. बाटलीखालच्या ठिबकणीत, जिथे थेंब पडताना दिसतात त्या कुपीत, थेंब पडायला हवा होता. पडला नाही. उलट ठिबकणीतलं पाणी तळातून वर चढत होतं. अगदी सावकाश. पाणीच, रक्त नव्हे. क्लॅम्प उघडा, कोपर सरळ, बाटली उंचावर. दार उघडून पाहिलं. पंपाची बोटं बरोबर दिशेला फिरत होती.

नळकांड्यात कसं दिसणार होतं हे? नळकांड्याला कुठे स्वभाव असतो!

गाढव मी. या गाढवाने तो पंप पास करून तिच्या उशाशी पाठवला.

१६ तारीख, रविवार

गुणी काढून माझ्या खोलीत आणला आणि कुलूप लावलं. तासाभराने वर गेलो तर पुन्हा अक्काच्या उशाशी. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, जास्तीची किल्ली स्टोअरकीपरकडे असते. आणि म्हणाल्या की अक्कानेच मागितला. स्वतः.

अक्काचे पाय धरले. म्हटलं, एकदा ठोंब्या म्हण. ती गोड हसली. म्हणाली, असं कसं म्हणू रे कोणाला.

मला माझी अक्का परत पाहिजे. चिडकी, तिरसट, जशी होती तशी. तिचा स्वभाव ओढून ते पाणी कुठेतरी जातं. जातं तर परतही येईल—

१७ तारीख, सोमवार

बाटलीत काही सापडत नाही. मोटर उलटी जोडून बघितली, तरी अक्काच्या नळीतलं पाणी वरच चढतं. डॉक्टर ऐकत नाहीत, मी सुट्टी घ्यावी म्हणतात. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, तुम्हीही फार चिडता हो.

उरला एकच उपाय. स्वतःला लावायचा. आत जातं काय, बाहेर येतं काय, ते अंगावर कळेल. मग खरा उलटा कसा फिरवायचा ते शोधून अक्काला लावीन. तिचं तिला परत. थांबवायचं बटण अंगठ्याखाली ठेवतो. तंत्रज्ञ आहे मी, सिस्टर नव्हे.

सोमवार, दुपार

सुई डाव्या हाताला. उजव्याने लिहितोय. शिव्या देता येतात तोवर मी मीच आहे, एवढी खूण पुरे.

कुलूप: हलकट. डॉक्टर: टाय बांधलेला ठोकळा. मोठ्या सिस्टर: मधात बुडवलेली सुरी. वर्गातली ती: बिनडोक.

शीर उघडी. पाणी चढतंय. गार वाटतंय, दंडापासून—

पुन्हा. कुलूप: कंजूस. डॉक्टर: बावळट. मोठ्या सिस्टर: लबाड—

पुन्हा. कुलूप: जपून वागणारा. वस्तू जपाव्या लागतात त्याला. डॉक्टर: दमलेले असतात. मोठ्या सिस्टर—

बटण अंगठ्याखालीच आहे. दाबायचं आहे. अक्कासाठी— दाबतो. दाबवत नाही. दाबावंसं वाटत नाही

१८ तारीख, मंगळवार

आज छान वाटलं. मोठ्या सिस्टरांनी स्वतः चहा आणून दिला. डॉक्टरांनी पाठ थोपटली.

या वहीची मागची पानं वाचली. किती टोचून लिहिलंय, बिचाऱ्याला कोणीच आवडत नव्हतं. मोठ्या सिस्टर म्हणाल्या, ती पानं फाडून टाका. फाडीन.

एका ताई शेजारच्या खुर्चीत येऊन बसल्या आहेत. पायाला पट्टी आहे. फार गोड हसतात. मला बाळा म्हणतात. मी विचारलं, तुम्ही कोणाकडे आलात? त्यांनाही आठवेना. आम्ही दोघंही हसलो. मग मध्येच त्यांच्या डोळ्यातून पाणी आलं, कशाचं ते त्यांना कळलं नाही, मलाही नाही, मी पुसायला हात पुढे केला तर माझ्याच डोळ्यातून—

मोठ्या सिस्टर गुणी घेऊन आल्या. फार चांगल्या आहेत त्या. म्हणाल्या, अजून थोडं राहिलंय वाटतं, हात पुढे करा. मी हात पुढे