अक्काची पाठ

१२ जून, बुधवार

अक्का आज उलटी चालली! शंभर पावलं तरी असतील. भर दुपारी, सगळ्या वस्तीदेखत, डोक्यावरून घोंगडी घेऊन — पाठ पुढं, तोंड मागं. 

सकाळी शाळेतली पोरं सांगत आली, रोझीना चार दिवस आली नाही, बाप दार उघडत नाही. रोझीना म्हणजे अक्काची नात, सात वर्षांची. तिची आई किडनीच्या मशीनपायी लांब शहरात, अ‍ॅलिसला अडकलेली, आठवड्यातून तीनदा सुया. म्हणून पोर बापाकडं. आणि बाप म्हणजे अक्काचा जावई. मी अक्काची सख्खी धाकटी बहीण, तेव्हा माझाही जावईच. त्याचं नाव इथं लिहायची नाही. सासूनं जावयाचं तोंड बघायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, त्याचं नाव घ्यायचं नाही. तो दिसला की हिनं वाट सोडायची, ही दिसली की त्यानं. आम्हा इथल्या मूळ लोकांत हे पहिल्यापासून आहे. मोडलं की मेल्याहून मेल्यासारखं.

मी म्हटलं, "अक्का, पोलीस गेलाय लांबच्या बोअरवर. संध्याकाळशिवाय येत नाही. जाणार कोण?"

"मी."

"तू? त्याच्या दारात?"

"तोंड बघायचं नाही, एवढंच ना? पाठीला कुठं डोळे असतात!"

निघालीच की! चार बायका काठ्या घेऊन तिच्या दोन्ही अंगांना. मी घोंगडीत तोंड लपवून सगळ्यात मागं, नुसते पाय बघत. बायका सांगतायत, "डावीकडं घे, काचा आहेत... हळू, कुत्रं झोपलंय." आतून शिव्यांचा पाऊस. काय काय म्हणाला ते लिहवत नाही. अक्का मात्र एक एक पाऊल मागं. जशी ती जवळ गेली तशा शिव्या कमी कमी होत गेल्या. नियम त्यालाही आहे ना! सासू दारात आली की जावयानं तिथं थांबायचं नाही. मागचं दार धाडकन वाजलं. पळाला! एवढा सहा फुटी गडी, साठीच्या बाईच्या पाठीला भिऊन पळाला!

अक्कानं पाठमोऱ्यानंच हाक मारली, "रोझीना, ये गं बाहेर. माझ्या घोंगडीचं टोक धर."

पोरीनं धरलं.

१३ जून

क्लिनिकमध्ये तपासली. पाठीवर पट्ट्याचे वळ, जुने आणि नवे. उजवा कान सुजून लाल. ब्रॉन्विन नर्सबाईनं फोटो काढले आणि तिथल्या तिथं पोलिसाला कळवलं. मलम मी लावलं. सतरा वर्षं इथं नर्सच्या हाताखाली करतेय हे काम. पोर रडली नाही. नर्सबाईनं जुने कागद काढले. फेब्रुवारीत डाव्या मनगटाच्या हाडाला चीर होती — "झाडावरून पडली." माझ्याच अक्षरात. नर्सबाई तेव्हा रजेवर होती, बदलीची नर्स होती.

"ही तेव्हाही आली होती?" तिनं विचारलं.

हो म्हटलं आणि कपाट आवरायला घेतलं.

१५ जून, शनिवार

वस्तीतल्या पोरांना नवा खेळ मिळालाय. चादर डोक्यावर, आणि उलटं चालायचं. एक जण शिव्या देतो, मग सगळे मिळून त्याला पळवतात. अक्का बघून इतकी हसली की चहा सांडला.

आज राखेत कांगारूची शेपटी भाजली. म्हाताऱ्या जमल्या होत्या. एक म्हणाली, "एल्व्हा, तुझं बूड एवढं मोठं आहे म्हणून बरं. माझं असतं तर तो दारातच उभा राहिला असता!" अक्का म्हणाली, "वाया कशाला घालवायचं? दिलंय देवानं तर कामाला लावायचं."

ही बाई काय चीज आहे! लहानपणी मी सापाला भिऊन रडायचे, ती काठी घेऊन त्याच्यामागं जायची आणि संध्याकाळी आम्ही तो खायचो. साठी आली, अजून तशीच.

रोझीनानं शेपटीतली सगळ्यात चरबीची फोड खाल्ली. तोंडभर तेल. आठवडाभरानं हसली असेल.

१८ जून, मंगळवार

जून म्हणजे इथं भर हिवाळा, थंडी मरणाची. पाण्याचा नळ गोठला.

पोरांचं बघणारी सरकारी वेल्फेअरवाली बाई येऊन गेली. २७ला कोर्ट इथंच, हॉलमध्ये. तो म्हणतोय, एकदाच मारलं, पोर ऐकत नव्हती, कुठला बाप मारत नाही? कोर्टानं ते धरलं तर पोर परत त्याच्याकडं. नाही धरलं, पण अक्काचंही पटलं नाही, तर अ‍ॅलिसला परक्यांच्या घरी. अक्काच्या शब्दावर सगळं आहे.

परक्यांच्या घरी! आमच्या मावशीला लहानपणी सरकारच्या माणसांनी असंच ट्रकमध्ये घालून नेलं होतं. आली ती पन्नास वर्षांनी. तिला आमची भाषा येत नव्हती, आणि तिची आई तर गेलेलीच.

अक्का एवढंच म्हणाली, "बोलेन मी."

१९ जून

झोप नाही.

२७ जून, गुरुवार

सगळं लिहून ठेवते, नाहीतर उद्या वाटेल स्वप्न पडलं.

सकाळी विमान आलं. मॅजिस्ट्रेटबाई, दोन वकील, दुभाषी. हॉलमध्ये टेबल मांडलं. आणि त्या शहाण्यांनी अक्काला कुठं बसवलं? त्याच्यासमोर! दहा हातांवर! अक्कानं झटकन घोंगडी डोक्यावर घेतली ती पार गुडघ्यांपर्यंत. त्यानंही मान भिंतीकडं फिरवली. मॅजिस्ट्रेटबाईंनी एकदा विचारलं, दोनदा विचारलं, तीनदा विचारलं. घोंगडीतून शब्द नाही. त्याचा वकील उठून म्हणतो, "साक्षीदाराला काही सांगायचं दिसत नाही." मॅजिस्ट्रेटबाई लिहायला लागल्या.

मी खिडकीबाहेर पाठ करून उभी, बायका आत बघून मला सांगत होत्या. मला ओरडायचं होतं. ओरडले नाही.

ओरडला कोण? टेडी! जावयाचा सख्खा मामा, पांढरी दाढी, आधीच कमी बोलणारा. काठी आपटली आणि म्हणाला, "बाई, तुम्ही हिला चारचौघांत नागडं करून बसवलंय, आणि वर विचारता बोलत का नाही? हिला बाहेर न्या!"

भाच्याकडं वळून आमच्या भाषेत म्हणाला, "आणि तू! सासूला इथवर यायला लावलंस. आता गप बसून ऐक."

मॅजिस्ट्रेटबाई शहाणी निघाली. स्वतःची खुर्ची स्वतः उचलून बाहेर आली आणि धुळीत मांडून बसली. अक्का हॉलच्या भिंतीला पाठ टेकून जमिनीवर. खिडकी उघडी ठेवली, तो आत. दुभाषी मधे. आम्ही बायका अक्काच्या दोन्ही बाजूंना. आणि अक्का बोलायला लागली! मोठ्यानं, थांबत थांबत, वाळूत बोटानं रेघा ओढत.

म्हणाली, "लोक म्हणतात एल्व्हानं नियम मोडला. मी कुठं मोडला? आजही माझी पाठच आहे त्याच्याकडं. हा नियम आमच्या म्हाताऱ्यांनी घरात भांडण नको म्हणून केला. जावयाला मान द्यायचा म्हणून केला. पोरीला मारताना कुणी बघू नये म्हणून नाही केला! मान मी त्याला देते. त्याच्या पट्ट्याला देत नाही."

बायका रडत होत्या. मीही. माझी बहीण! तोडच नाही हिला.

मग त्याचा वकील बाहेर आला. गोड बोलणारा. "तुम्ही जावयाला पोरीला मारताना कधी पाहिलंत?"

"नाही. मला बघता येत नाही."

"म्हणजे या एका वेळेपलीकडं तुम्हाला काहीच माहीत नाही. फेब्रुवारीत मनगटाला लागलं, ते तर क्लिनिकच्या नोंदीप्रमाणं झाडावरून पडून. बरोबर?"

"मी तेव्हा अ‍ॅलिसला लेकीपाशी होते," अक्का म्हणाली. "कागदात झाड असेल तर झाडच असेल. क्लिनिकात माझी बहीण आहे. ती खोटं लिहायची नाही."

माझ्या हातावर हात ठेवून म्हणाली हे.

निकाल ४ जुलैला, फोनवरून. तोवर रोझीना अक्काकडं. वकील जाताना दुसऱ्याला म्हणाला, "जुनं काही नाही, एकदाच रागात घडलंय. पोर परत जाईल बापाकडं." मला इंग्रजी कळतं हे लोक विसरतात.

२९ जून

अक्का शिकवतेय रोझीनाला मधमुंग्या — पोटात मध भरलेल्या, खायच्या — कशा खणायच्या ते. झाडाच्या मुळाशी बारीक भोक, तिथून खाली. दोघी कंबरेइतक्या खड्ड्यात. पोर वर बघून ओरडली, "मावशीआजी, सापडली! सगळ्यात मोठी तुला!"

घेतली. खाल्ली नाही, अक्काला दिली.

१ जुलै, सोमवार

अक्का विचारते, "तुला काय झालंय? जेवत नाहीस." म्हटलं, पोट.

"माझ्यापेक्षा तूच घाबरलीस," म्हणाली आणि माझ्या अंगावर तीच घोंगडी टाकली.

२ जुलै

पोर झाडावरून पडली नव्हती.

बदलीच्या नर्सला आमची भाषा कळत नव्हती. पोर काय सांगतेय ते मीच सांगायचं होतं. रोझीना माझ्या मांडीवर बसून स्पष्ट म्हणाली होती, "बाबांनी हात पिरगळला." मी नर्सला सांगितलं, झाडावरून पडली. तसंच लिहिलं. पोर माझ्याकडं बघत होती.

त्याचा विषय सासूच्या तोंडी नको, अशी मनाची समजूत घातली. त्याचं नाव तरी कुठं लागणार होतं? "बापानं" एवढं पुरलं असतं. एकाच नियमामागं दोघी बहिणी उभ्या होतो. अक्का पोरीला घेऊन बाहेर आली, मी नुसती लपून राहिले.

नोकरी जाईल. जाऊ दे. पोलिसाचं ऑफिस आठला उघडतं, नर्सबाईला आज सांगितलं, ती बरोबर येते म्हणालीय. पण त्याच्याआधी अक्का. बाहेर शेकोटीपाशी पीठ मळतेय. तिच्यासमोर बसायचं, तोंडाकडं बघायचं आणि सांगायचं. चालले.